शैलाचा उजवा पाय

१४ मे, बुधवार

घाटकोपरला हॉस्पिटलात गेलो, पायांच्या ओपीडीत. शैलाला खुर्चीवर बसवलं. फिजिओथेरपिस्ट डॉ. अमृता, आमच्या लेकीपेक्षा, प्राचीपेक्षाही दोनतीन वर्षांनी लहान असेल. हातात पेनसारखी काडी, टोकाला नायलॉनचा दोरा, गळाला लावतात तसला. म्हणाली, "काकू, डोळे मिटा. काही लागलं की हो म्हणा."

शै. डोळे मिटून बसली. अमृता दोरा टेकवत गेली. अंगठा, करंगळी, चवडा, टाच. प्रत्येक ठिकाणी दोरा वाकत होता, मला दिसत होतं. शै. गप्प. दहा जागा झाल्यावर डोळे तसेच मिटून म्हणाली, "करा ना सुरू."

अमृताने एकदा माझ्याकडे बघितलं, मग हळूच म्हणाली, "झालं काकू. उघडा डोळे." मग डावा पाय. तोही तसाच.

छत्तीस वर्षांचा संसार. ही बाई ह्या पायांवर घरभर फिरते, मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये फुगड्या घालते, बायकांना शिकवते. आणि तिच्या लेखी पाय तिथे नाहीतच. कधीपासून नाहीत तेही माहीत नाही. डायबेटिस चौदा वर्षं आहे, एवढं माहीत.

गेल्या महिन्यात गच्चीवर त्यांची प्रॅक्टिस होती, दुपारी चारला, अनवाणी. बाकीच्या चटके बसतात म्हणून सतरंजीवर पळाल्या. ही म्हणे त्यांना चिडवत होती, "काय गं नाजूक तुम्ही." तिथेच तळवा भाजला असणार. रविवारी लादीवर डाग दिसले तेव्हा मला वाटलं बीट सांडलं.

१६ मे, शुक्र.

सर्जनने जखम साफ केली. उजवा तळवा, अंगठ्याच्या बुडाशी. वरून दिसत होती चार आण्याएवढी. मेलेली कातडी कापत गेले तसतशी मोठी होत गेली. भूल नाही, इंजेक्शन नाही. गरजच नव्हती. ते ब्लेड चालवत होते आणि शै. नर्सला साबुदाणा किती वेळ भिजवायचा ते सांगत होती.

मला बाहेर येऊन बसावं लागलं.

एक्सरे ठीक. हाडापर्यंत गेलेली नाही. "गेली तर अंगठ्यावर जाईल," सर्जन म्हणाले. "अंगठ्यावर" म्हणजे अंगठा कापावा लागेल, हे शै.ला घरी आल्यावर कळलं. पदर तोंडाला लावून बसली. घाबरली की मालवणी येते तिला. "माका कायच कळला नाय ओ," म्हणाली. दोनतीनदा म्हणाली.

१९ मे, सोम.

आज अमृताकडे पहिला दिवस. मला वाटलं होतं फिजिओ म्हणजे व्यायाम, चालायला लावतील. ती म्हणाली, "पहिला उपचार म्हणजे चालायचं नाही."

शै.ने विचारलं, दुखत नाही तर का नको.

"दुखत नाही म्हणूनच काकू. दुखलं असतं तर तुम्ही लंगडला असता. लंगडणं हे औषध असतं, शरीर स्वतःच घेतं. तुमचं शरीर ते घ्यायचं विसरलंय. म्हणून आपण बाहेरून लावायचं."

बाहेरून म्हणजे बूट. गुडघ्यापर्यंत, प्लॅस्टिकचा, पट्ट्यांचा. आत जखमेच्या जागी पोकळी, म्हणजे तिथे भार येत नाही. बाथरूमला जातानासुद्धा घालायचा. अंगठ्याचा सांधा ताठलाय, पोटरी आखडलीय, म्हणून सगळं वजन पुढे पडतं असंही म्हणाली. बसल्या बसल्या घोटा वरखाली, गोल. पोटरीचा ताण ती स्वतः देते, हाताने.

मग एक छोटं यंत्र पावलावर टेकवलं. आधी खरखर. आणि मग शू, शू, शू. मी विचारलं हे काय. "काकूंचं रक्त. पायात पोचतंय त्याचा आवाज." परत लावायला सांगितलं. ज्या पायाचा शै.ला पत्ता नाही त्याच्यात हे चालूच आहे, न चुकता. "रक्त चांगलं येतंय. म्हणजे भरायला सामान आहे," अमृता म्हणाली.

शेवटी लेझर. आम्हा सगळ्यांना चष्मे. लाल ठिपका जखमेभोवती फिरवते. मी विचारलं, याने बरं होतं? सरळ बोलते ती मुलगी. "हातभार लागतो. कुणाला जास्त, कुणाला कमी. भरणार शरीरच, काका. आणि काकूंचं बसणं."

शै. आणि बसणं.

२० मे, मंगळ.

रोजचं ड्रेसिंग घरी. कोण करणार? शै.ला वाकून तळवा दिसत नाही. प्राची गोरेगावला, तिची नोकरी. म्हणजे मीच.

पाट घेऊन समोर बसलो आणि तिने पाय मागे घेतला. "तुमी हात लावू नकात." म्हटलं का? "नवऱ्यान बायलेच्या पायाक हात लावचो नसता."

म्हटलं, मी पाया पडत नाहीये, पट्टी बदलतोय. हसली नाही. तोंड खिडकीकडे करून बसली, पाय दिला. मिठाच्या सलाइनने धुतलं, टिपलं, जेल, गॉज, पट्टी. अर्धा तास लागला. नर्स पाच मिनिटांत करते.

बायकोचा पाय छत्तीस वर्षांत कधी हातात घेतला नव्हता. टाचेला जुनी भेग. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. हे मला माहीत नव्हतं.

२५ मे, रवि.

अमृताने पारदर्शक कागद दिलाय. दर रविवारी जखमेवर धरायचा, कडेने रेषा मारायची, तारीख टाकायची. मग खाली मि.मी.चा आलेख कागद ठेवून चौकोन मोजायचे. "कमी होतायत की नाही, एवढंच बघायचं."

हे काम माझं. चौतीस वर्षं भांडुपच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. जुनं बारीक टोकाचं पेन शोधून काढलं. रेषा बरी आली.

३१२ चौकोन.

उपाशीपोटी साखर १९८. गेल्या आठवड्यात २४० होती.

१ जून, रवि.

२७०.

दोनदा मोजले. परत मोजले.

४ जून

आज ड्रेसिंग उघडलं आणि थांबलो. इतके दिवस तळ पिवळट, राखाडी होता, मेणासारखा. आज कडेला लाल. साधं लाल नाही, दाणेदार, ओलं, चमकणारं, डाळिंबाच्या दाण्यांसारखं. घाबरून फोटो काढला, अमृताला पाठवला. फोन आला. "काका, पेढे वाटा. नवीन मांस आहे ते."

शै.ला सांगितलं. म्हणाली, "मला नका सांगू, किळस येते." मला येत नाही. मला बघत बसावंसं वाटतं. एकसष्ट वर्षांचं आयुष्य झालं, मांस तयार होताना पहिल्यांदा बघतोय. आणि आमच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर.

८ जून, रवि.

२१४. घोट्याचे व्यायाम दिवसातून चारदा. बूट घालून स्वयंपाकघरात उभी राहते, मी ओरडतो, बसते, पाच मिनिटांनी परत उभी. भाकऱ्या मी शिकतोय. तिच्या मते त्यांना भाकरी म्हणू नये.

१५ जून, रवि.

१८८. खोली पण कमी. सर्जन खूश.

मंदाचा फोन आला होता. शै.च्या ग्रुपमधली, पलीकडच्या बिल्डिंगमधली. श्रावणात कार्यक्रम ठरलाय, अठरा बायका, इथे मुलुंडलाच हॉल मिळालाय. शै. फोनवर हसून बोलत होती, पुष्कळ दिवसांनी.

१७ जून, मंगळ.

सकाळी बँकेत गेलो होतो. आलो तर शै. सोफ्यावर, बूट पायात, नीट. चेहरा उतरलेला. संध्याकाळी पट्टी उघडली तर रक्ताने भिजलेली. पट्टीला धूळ.

विचारलं. आधी काही नाही म्हणाली. मग सांगितलं. मंदाकडे गेली होती. बायकांना एक फेर जमत नव्हता, मंदा म्हणाली, "शैलाताई, फक्त दाखवून जा." बूट घालून फेर धरता येईना. काढला. "दोनच फेऱ्या मारल्या ओ. लागलं नाही काही."

लागलं नाही. माहीतच आहे लागत नाही.

मी म्हटलं, मग कापूनच टाक पाय, म्हणजे सुटलो सगळे.

हे मी बोललो. लिहून ठेवतो.

आज रविवार नाही तरी रेषा काढली. २५१.

१८ जून, बुध.

हॉस्पिटल. सर्जनने बारीक सळई घालून बघितलं. एका कडेने जखम आतून पोखरलीय. हाडाला अजून लागत नाही, पण अंतर फार नाही. "दोन आठवडे बघू. सुधारणा नाही दिसली तर अंगठ्याचं ठरवावं लागेल."

बाहेर आल्यावर अमृताकडे. मला वाटलं ही आता शै.ला झापणार. आत कुठेतरी मला ते हवंही होतं. तिने विचारलं, "काकू, कुठला फेर होता?" शै.ने बसल्या बसल्या हातांनी दाखवला. अमृता बघत राहिली. म्हणाली, "कठीण आहे." मग म्हणाली, "बूट काढता येतो, म्हणून काढला जातो. सगळेच काढतात. आता न काढता येणारं लावू."

प्लास्टर. बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत, आत मऊ नमद्याचा थर, पायाच्या आकाराला अगदी चिकटून. वजन पूर्ण पायावर आणि पोटरीवर वाटलं जातं. दर बुधवारी कापायचं, बघायचं, लेझर, नवीन घालायचं. अधेमधे वास आला, ताप आला, प्लास्टर सैल झालं तर लगेच यायचं.

रिक्षात शै. म्हणाली, "मला वाटलं नव्हतं की एवढं..." कालचं मी काढलंच नाही. बोलायला हवं होतं.

२० जून

घरात काम नाही मला. ड्रेसिंग नाही, कागद नाही. आत काय चाललंय दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ प्लास्टरचा वास घेतो, कुत्र्यासारखा. शै. बघते आणि मान फिरवते.

आज पाट घेऊन तिच्यासमोर बसलो. म्हटलं, मंगळवारी बोललो ते चुकलं. म्हणाली, "चुकलं ते माझंच." म्हटलं, तुझं वेगळं, माझं वेगळं. मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे का, मला लादी गार लागते की गरम हे आठवतच नाही आता. फेर धरला की तेवढं वाटतं पाय आहेत. आवाज येतो ना."

हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

२५ जून, बुध.

प्लास्टर कापलं. छोटी गोल करवत, कर्कश. माझे डोळे मिटलेले. अमृता म्हणाली, "काका, या, बघा."

पाय पांढरा, सुरकुतलेला, सोललेल्या बटाट्यासारखा. आणि मध्ये लाल. पूर्ण तळ लाल. पोखरलेली कड खाली बसलेली. सात दिवस कोणी हात लावला नाही, कोणी बघितलं नाही, काही केलं नाही. १९०.

सर्जननी सळई घातली. आत शिरली नाही. अंगठ्याचा विषय काढलाच नाही त्यांनी. मीही नाही.

२ जुलै, बुध.

१४१. पावसामुळे प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर आणखी एक, वर रबरबँड. रिक्षावाला म्हणाला, काका, पार्सल सांभाळून. शै. हसली.

मंदा आली होती. दारातच उभी. शै.ने आत बोलावलं, "ये गं, मला काही धावत येता येत नाही." मंदा बसली, रडली. शै. म्हणाली, "बूट तू काढलास का? मी काढला. चहा घे." मग दोघींनी कार्यक्रमाचं ठरवलं. शै. खुर्चीत बसून शिकवणार, प्रॅक्टिस आमच्याकडे. उद्यापासून दुपारी चार ते सहा माझा हॉल गेला.

९ जुलै, बुध.

९६.

आज शै.ने पहिल्यांदा बघितलं. अमृताने आरसा आणला आणि काही न बोलता तळव्याखाली धरला. दोन महिने हिने मान फिरवलेली. आज वळवली. कितीतरी वेळ बघितलं. म्हणाली, "हे माझं आहे?"

"तुमचंच."

"मला तर काही कळत नाहीये. मग करतंय कोण?"

लेझर बाजूला पडलेलं. तिघेही आरशात बघत होतो.

१६ जुलै, बुध.

५८. सगळी कड आता फिकट गुलाबी, जवळजवळ पारदर्शक, मोत्यासारखी. कातडी कडेकडून आत सरकते म्हणे, सगळीकडून एकदम. मधे भेटली की थांबते. मी विचारलं, थांबायचं कसं कळतं? अमृता म्हणाली, "शेजारी भेटला की कळतं." असं शिकवलंय त्यांना, पण बोलताना तिच्या चेहऱ्यावरही नवल होतं. रोज बघणाऱ्या माणसाच्या.

मला आयुष्यभर कोणीतरी सांगायचं, रेषा इथून इथपर्यंत, साहेबांची सही, बदल झाला की लाल पेनने. इथे सही कोणाची?

देवधर्म मी फारसा केला नाही. घरी येऊन देवासमोर उभा राहिलो थोडा वेळ.

२३ जुलै, बुध.

२७. सा. १२६, चौदा वर्षांत एवढी कमी बघितली नव्हती. गुडघा सरळ ठेवून पाय उचलायचा व्यायाम, प्लास्टरसकट, वीसदा. शै. मोठ्याने मोजते.

३० जुलै, बुध.

तांदळाच्या दाण्याएवढी. पेनचं टोक जाडं पडतंय.

६ ऑग., बुध.

बंद.

अमृताने भिंग लावून बघितलं. सर्जननी बघितलं. मी कागद ठेवला आणि काढायला रेषाच नव्हती. कोरा कागद, वर तारीख टाकली.

मला वाटलं शै. रडेल. म्हणाली, "आता चालू?"

अमृताने तिला खाली बसवलं. "काकू, बंद झाली म्हणजे संपलं नाही. वरून कातडी आलीय, आतली अजून कच्ची आहे. परत फाटायला वेळ लागत नाही. खास सॅंडल, घरातसुद्धा. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं चालायचं, मग थोडं थोडं वाढवू. आणि रोज पाय बघायचे, हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पाय चाचपायचे. एक दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर मला फोन. लाल व्हायची वाट बघू नका."

"आणि फुगडी?"

"नाही."

"श्रावणात नाही, की कधीच नाही?"

अमृता म्हणाली, "मला माहीत नाही, काकू." डॉक्टर माणूस असं सहज म्हणत नाही.

१० ऑग., रवि.

कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. शै. नऊवारी नेसून स्टेजच्या कडेला खुर्चीत, पायात काळे जाड सॅंडल. मंदाने मुद्दाम खुर्चीला गजरा बांधला होता. गाणी सगळी शै.च्या तोंडून, बाकीच्या तिच्यामागे.

मी पहिल्या रांगेत होतो. वर बघितलंच नाही मी, सगळा वेळ पाय बघत होतो. सतरा बायका, चौतीस पाय, अनवाणी, लाकडावर आपटत होते. एकीला मधेच काहीतरी टोचलं, तिने पाय झटकला, फेर चुकला, पटकन सावरली. कोणाच्या लक्षात आलं नसेल. टोचलं आणि तिला कळलं. पावलापासून मेंदूपर्यंत निरोप गेला, परत आला, पाय उचलला गेला, आणि बाईला वाटलं काहीच झालं नाही.

घरी येताना शै. म्हणाली, "बेला चुकली मधे." तिनेही बघितलं होतं. बहुतेक तेच.

२५ ऑग., सोम.

पंधरा मिनिटांवर आलोय. बिल्डिंगच्या गेटपासून भाजीवाल्यापर्यंत आणि परत. शै. पावलं मोजते, मी घड्याळ. संध्याकाळी मी तिचे पाय बघतो. आता ती खिडकीकडे बघत नाही, टीव्ही बघते, मधेच म्हणते, "काय, आहेत ना दोन्ही?"

ओपीडीत गेल्या वेळी एक गृहस्थ भेटले, नवीन आलेले, बायको रडत होती. शै.ने त्यांच्यासमोर सॅंडल काढून तळवा दाखवला. भर ओपीडीत. त्यांनी हात जोडले, ते तिला की पायाला, कळलं नाही.

३ सप्टें., बुध.

अमृताने परत दोरा टेकवून बघितला. दहापैकी शून्य. जखम भरली तरी जाणीव काही आली नाही. ती यायची नाही बहुधा. शै.ला अपेक्षा होती, मला माहीत होतं, बोलली नव्हती. परत येताना रिक्षात माझ्या हातावर हात ठेवून बसली. मुलुंड येईपर्यंत काढला नाही.

११ सप्टें., गुरु.

दिवाबत्ती झाली. शै. स्वतः येऊन खुर्चीत बसली आणि पाय पुढे केला. डावा.

म्हणाली, "अहो, हा बघा जरा. लागत काही नाही. पण मगाशी मी हात फिरवला तर गरम वाटला."

उलटा हात लावला. उजवा गार. डावा, करंगळीच्या खाली रुपयाएवढ्या जागेत, गरम. परत उजवा, परत डावा. गरमच. कातडी अख्खी आहे. लाल म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. ज्या पायात तिला काही कळत नाही तिथलं हे तिने हाताने शोधून काढलं, माझ्या आधी.

अमृताला फोन. तिने दोनतीन प्रश्न विचारले. सॅंडल कुठे घासतंय का, आज किती चाललात. म्हणाली, "आता पाय खाली टेकू नका. उद्या सकाळी दहाला आणा. बरं झालं आज कळवलंत."

आज कळवलंत म्हणजे वेळेवर, की उशीर होण्याच्या जरा आधी? विचारायचं राहिलं.

शै.ने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. स्टूल ओढून दोन्ही पाय वर घेतले. "चहा तुम्हीच करा आता," म्हणाली.

मी आत जाऊन आधण ठेवलं. दोनदा वाकून हॉलमध्ये बघितलं. बसली होती.